कानबान म्हणजे पाटी: ट्रेलोवर पहिला बोर्ड मांडताना

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर, आमचं अक्षरजुळणीचं छोटं ऑफिस आहे. आम्ही चौघं. वर्षभर स्मरणिका, आत्मचरित्रं, क्लासवाल्यांच्या नोट्स असं चालू असतं आणि जून लागला की दिवाळी अंक. तीन-चार अंक एकाच वेळी अंगावर असतात. एकेका अंकात पन्नासेक मजकूर: कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, राशिभविष्य आणि अगदी शेवटच्या आठवड्यात उगवणाऱ्या जाहिराती. म्हणजे गणपतीच्या सुमाराला दीड-दोनशे तुकडे या ना त्या अवस्थेत ऑफिसभर पसरलेले असतात.

काही वर्षांपूर्वी एका अंकात एका कवितेचं शेवटचं कडवं छापायचंच राहिलं. मुद्रितशोधक काकांनी दुसऱ्या प्रुफात ते लाल पेनाने लिहून दिलं होतं. आमच्याकडे दुरुस्तीही झाली होती. पण फर्म्यात, म्हणजे एकत्र छापायच्या सोळा पानांच्या संचात, गेली ती आधीची फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘झालं’ असा निरोप आला होता आणि मी तो वाचून पुढे गेले होते. काय झालं, कुठल्या कवितेचं झालं, ते त्यात नव्हतं. कवयित्री बाई रागावल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाल्या, “शेवटचं कडवं वाचकांनी मनातल्या मनात म्हणायचं, अशी योजना आहे का?”

त्या दिवाळीनंतर मी ट्रेलो, म्हणजे कामांचा फळा पडद्यावर मांडायचं सॉफ्टवेअर, वापरायला लागले. पहिल्या वर्षी चुकीचं वापरलं, दुसऱ्या वर्षी थोडं बरं. ज्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून खातं उघडलं, समोर रिकामं पान बघितलं आणि ‘नंतर बघू’ म्हणून खिडकी बंद केली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं छापखान्याच्या दुनियेतली आहेत, कारण मला तीच येतात. तुमचं काम सोसायटीच्या दुरुस्त्यांचं असो की फराळाच्या ऑर्डरींचं, मांडणीचा विचार तोच लागतो.

नेमकं आहे काय

ट्रेलो २०११ साली न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक सॉफ्टवेअर कंपनीने आणलं. २०१७ मध्ये ते अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने विकत घेतलं. पडद्यावर एक बोर्ड, त्यात उभे रकाने, रकान्यांत कार्डं. एक कार्ड म्हणजे एक काम. काम पुढे सरकलं की कार्ड बोटाने किंवा माउसने धरून पुढच्या रकान्यात ओढायचं. बस. बाकीचं सगळं या तीन गोष्टींवरचं नक्षीकाम आहे.

मूळ कल्पना त्याहून खूप जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी जी पद्धत बसवली, तिचं नाव कानबान. जपानीत कानबान म्हणजे पाटी. डब्यातले सुटे भाग वापरले गेले की त्या डब्याचं कार्ड मागच्या विभागाकडे जायचं. कार्ड हातात आलं की तिथले लोक तेवढेच भाग बनवायचे. कार्ड नाही तर माल नाही. आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द रोजचा आहे. पेठेत राहणाऱ्या माणसाला पाटीच्या बाबतीत कुणी काही शिकवावं हे जरा अवघड जातं, पण फरक आहे. आपली पाटी लोकांनी काय करू नये ते सांगते, त्यांची पाटी आता काय करायचं ते सांगते.

आधी कागद

खातं उघडायच्या आधी मागच्या वर्षीचं एखादं कॅलेंडर उलटं करा आणि त्याच्या पाठीवर रकाने आखा. हे टाळू नका. रकाने चुकले की पुढचं सगळं चुकतं, आणि संगणकावर चुकीचे रकानेही सुबक दिसत असल्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही.

माझे पहिले रकाने माणसांच्या नावाचे होते. जुळणी करणाऱ्या ताईंचा एक, मांडणी करणाऱ्या मुलाचा एक, काकांचा एक, माझा एक. दोन आठवड्यांत तो बोर्ड म्हणजे ‘कोण किती मागे आहे’ याची जाहीर यादी झाला आणि कुणी उघडेना. मग सगळीकडे शिकवतात ते तीन रकाने केले: करायचं, चालू, झालं. तेही आमच्या कामाला निरुपयोगी. ऑगस्टमध्ये ‘चालू’च्या रकान्यात १४० कार्डं होती. सगळंच चालू आहे, हे मला बोर्डाशिवायही माहीत होतं.

शेवटी स्वतःला वेगळा प्रश्न विचारला. काम कुठे कुठे पडून राहतं? लेखकाच्या घरी पडून राहतं, कारण कबूल केलं आहे पण लिहिलेलं नाही. आमच्या टेबलावर राहतं, कारण आलं आहे पण कुणी वाचलेलं नाही. काकांच्या पिशवीत राहतं. दुरुस्तीच्या गठ्ठ्यात राहतं. आणि सगळ्यात जास्त राहतं ते फर्मा पूर्ण व्हायची वाट बघत: सोळा पानांचा फर्मा, त्यातली पंधरा तयार आणि एका पानावरची जाहिरात यायची आहे. कामाच्या या प्रत्येक मुक्कामाला एक रकाना दिला. आजही तेच आहेत: कबूल, हातात आलं, जुळणी, पहिलं प्रूफ, दुरुस्ती, दुसरं प्रूफ, मांडणी, फर्म्यात तयार, छापायला गेलं. नऊ झाले. एका वर्षी हौसेने चौदा केले होते. पडदा आडवा सरकवता सरकवता मनगट दुखलं. पाच ते नऊ यांच्यात राहा.

कोथरूडला माझ्या मैत्रिणीने सोसायटीसाठी बोर्ड केला तेव्हाही हाच प्रश्न कामी आला. तिथे काम अडायचं ते प्लंबर मिळण्यावर नाही, तर सुटा भाग आणण्यावर आणि नंतर बिलाच्या सहीवर. ‘सामान यायचंय’ आणि ‘सहीला’ असे दोन रकाने घातल्यावर कमिटीच्या सभा अर्ध्या वेळात संपायला लागल्या, असं ती सांगते.

खातं आणि पहिला बोर्ड

पहिल्यांदा संगणकावरच करा. मोबाइलवर पुढे वापरायला छान आहे, पण रकाने मांडायला मोठा पडदा हवा. ट्रेलोच्या संकेतस्थळावर गूगल खात्याने किंवा ईमेलने नोंदणी करता येते. सुरुवातीला सशुल्क योजना काही दिवस वापरून बघा असं सुचवलं जातं. ते सरळ टाळा, कारण जी सोय नंतर राहणार नाही तिची सवय कशाला?

मग ‘क्रिएट बोर्ड’. नाव द्या, मागे रंग निवडा. डोंगर-समुद्राचे फोटो मागे लावता येतात आणि तिथे नवखा माणूस हमखास अर्धा तास घालवतो. फोटोवर रकाने वाचताना डोळ्यांना त्रास होतो. साधा एक रंग घ्या.

इथे एक जागा मात्र डोळे उघडे ठेवून भरायची: बोर्ड कुणाला दिसणार. ‘प्रायव्हेट’ म्हणजे फक्त तुम्ही बोलावलेल्यांना. ‘वर्कस्पेस’ म्हणजे तुमच्या गटातल्या सगळ्यांना. ‘पब्लिक’ म्हणजे लिंक मिळालेल्या कुणालाही, आणि असे बोर्ड गूगलच्या शोधातही सापडू शकतात. कार्डावर आपण सहज लेखकाचा पत्ता लिहितो, मानधनासाठी बँकेचा तपशील लिहितो. ‘प्रायव्हेट’ किंवा ‘वर्कस्पेस’ यापलीकडे जाऊ नका, आणि बँकेचा तपशील तर तिथेही नको.

एक बोर्ड की अनेक? आम्ही आधी प्रत्येक अंकाचा वेगळा बोर्ड केला होता. नीटनेटका वाटायचा. पण चारही अंकांची प्रुफं वाचणारे काका तेच, मांडणी करणारा मुलगा तोच. प्रत्येक बोर्डावर काकांच्या नावावर सात-आठ कार्डं दिसायची आणि प्रत्येक संपादकाला वाटायचं, आठच तर आहेत. एकत्र मोजली तर तीस भरायची, आणि ती बेरीज कुठेच दिसत नव्हती. आता चारही अंक एकाच बोर्डावर असतात आणि अंक ओळखायला रंगीत लेबल. माणसं तीच असतील तर बोर्ड एकच ठेवा.

ट्रेलोची बटणं इंग्रजीत आहेत, मराठी पर्याय नाही. पण बोर्ड, रकाने, कार्डं यांची नावं देवनागरीत बिनधास्त लिहा. आमच्या धंद्यातल्यांसाठी एक सूचना: जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर उचलून कार्डावर चिकटवला तर अक्षरांचा कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यांनी एकसारखं ठेवा. एकाने ‘मुलाखत’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘मूलाखत’, तर शोधताना एकच सापडतं. आमच्याकडे शुद्धलेखनाचा आग्रह आधीपासून होता, त्याला हे नवं कारण मिळालं.

कार्ड

यादी आधीच एक्सेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपात असेल तर एकेक कार्ड हाताने करत बसू नका. सगळ्या ओळी एकदम कॉपी करा, ‘अ‍ॅड अ कार्ड’ दाबा आणि चिकटवा. एकच कार्ड करू की ओळीगणिक वेगळं, असं ट्रेलो विचारतं. वेगळं म्हणा, पन्नास ओळींची पन्नास कार्डं एका क्षणात होतात. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पहिल्या वर्षी एक अख्खी दुपार त्यात गेली होती.

कार्ड केवढ्या कामाचं असावं, यावर मी बराच घोळ घातला आहे. ‘दिवाळी अंक’ हे कार्ड होऊ शकत नाही. ते पाच महिने एका जागी बसून राहील. ‘स्वल्पविराम तपासणे’ हेही कार्ड नाही. जी गोष्ट हातातून हातात जाते तिचं कार्ड. आमच्याकडे ती म्हणजे एक मजकूर.

एक कार्ड जवळून दाखवते. वरचं नाव: ‘४७ · कथा · विहीर · ९ पानं’. हिरवं लेबल, म्हणजे चारपैकी कुठला अंक ते कळलं. कार्डावर टिचकी मारली की आत वर्णनाची जागा असते. तिथली पहिली ओळ कायम एकच: सध्याच्या फाइलचं पूर्ण नाव. फाइल बदलली की ही ओळ बदलायची, आणि ती बदलल्याशिवाय कार्ड पुढच्या रकान्यात न्यायचं नाही. कडवं हरवण्याचा रोग या एका ओळीने बरा झाला. खाली दोन वाक्यं: ‘संवाद मालवणीत आहेत, शुद्धलेखनाला हात लावू नये. लेखकाला दुसरं प्रूफ दाखवायचं आहे.’ मग चेकलिस्ट: हस्तलिखिताशी ताडलं, लेखकपरिचय आला, चित्र आलं, अंक कुठे पाठवायचा तो पत्ता आला. त्याखाली शेरे. ‘दुसरं प्रूफ काकांकडे दिलं, ९ पानं.’ ‘परत आलं. पान ४ वर परिच्छेद हलवलाय, मांडणी बघा.’ कार्ड कुणी, कधी, कुठल्या रकान्यातून कुठे नेलं याची नोंद ट्रेलो आपसूक ठेवतं, त्यामुळे ‘मी तर दिलं होतं’ हे वाक्य ऑफिसात आता फारसं ऐकू येत नाही.

फाइल कार्डाला जोडता येते, पण फुकटच्या योजनेत एका फाइलला १० एमबीची मर्यादा आहे. मांडणीची फाइल, चित्रं वगैरे त्यात बसत नाहीत. ती आपल्या नेहमीच्या जागी ठेवा आणि कार्डावर फक्त लिंक द्या.

फर्म्याचं कार्ड वेगळं. १९२ पानांचा अंक म्हणजे बारा फर्मे, म्हणून बारा कार्डं. प्रत्येकाच्या चेकलिस्टमध्ये त्या सोळा पानांत येणारे मजकूर आणि जाहिराती. सगळ्या चौकटींत खूण झाली की फर्मा प्लेटला, म्हणजे छपाईची प्लेट करायला. एक जरी रिकामी असेल तर कुणाला फोन करायचा ते समोर दिसतं.

रंग, तारखा, चेहरे

नवखा माणूस इथे वाहवत जातो. मीही गेले होते. अकरा रंगांची लेबलं केली होती आणि जांभळा म्हणजे काय ते विचारायला लोक माझ्याकडे यायचे. आता चार अंकांचे चार रंग आणि पाचवा लाल: ‘अडकलंय’. लाल लावला की का अडकलंय ते शेऱ्यात लिहायचंच.

तारखेचंही तसंच. मुदत चोवीस तासांवर आली की कार्डावरची तारीख पिवळी होते, उलटली की लाल. दीडशे कार्डांना तारखा दिल्या की पंधरवड्यात अर्धा बोर्ड लाल होतो आणि मग तो लाल कुणालाच दिसत नाही. बाहेरचा माणूस ज्या दिवशी वाट बघत असेल, त्याच दिवसाची तारीख द्या: प्लेटला जायचा दिवस, जाहिरात मिळायचा दिवस, बांधणीवाल्याने मागितलेला दिवस.

तारखा टाकताना पुण्याचं पंचांग शेजारी ठेवा. भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यांची सुटी गुरुवारी असते, शहरातही वीज-पाण्याची कामं बहुधा गुरुवारीच निघतात. त्यामुळे छपाईच्या कार्डावर मी गुरुवार टाकत नाही. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे मध्ये जेमतेम आठ आठवडे. त्यातून विसर्जनाचे दोन दिवस वजा करा. मिरवणुका लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्त्यांनी जातात, दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात, आणि आमच्या वाड्यापाशी टेम्पो सोडा, सायकल येत नाही. हे ट्रेलोला माहीत नसतं. ‘विसर्जन, कुणीही काही देऊ-घेऊ नका’ असं एक कार्डच आम्ही वर लावून ठेवतो.

चेहरे, म्हणजे कार्डावर माणूस नेमणं. एका कार्डावर एकच. दोघांना नेमलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

माणसांना बोर्डावर आणणं

हा भाग सगळ्यात अवघड आणि ट्रेलोच्या मदतपानांवर नसलेला. बोर्डाच्या वर ‘शेअर’ आहे, तिथून ईमेलने किंवा लिंकने बोलावता येतं. फुकटच्या वर्कस्पेसमध्ये दहा माणसं आणि दहा बोर्ड चालतात. छोट्या ऑफिसला पुरेसे. बोलावणं सोपं आहे. आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं, हे कठीण.

आमच्या काकांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “अहो, मी कागदावर वाचतो, कागदावर लिहितो. त्या फळ्यावर तुम्ही नाचा.” मी त्यांना शिकवायचा नाद सोडला. त्याऐवजी प्रत्येक कार्डाला क्रमांक दिला आणि तोच क्रमांक छापील प्रुफाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहायला सुरुवात केली. काकांची कापडी पिशवी आली की जो ती उघडेल त्याने त्या क्रमांकांची कार्डं तिथल्या तिथे पुढच्या रकान्यात न्यायची. चहा नंतर. महिनाभराने मी फोन करून विचारलं, “काका, तुमच्याकडे किती प्रुफं आहेत हो?” तर म्हणाले, “फळ्याला विचारा की. तेवढ्यासाठीच टांगलाय ना?” त्यांनी स्वतः आजवर तो उघडलेला नाही, पण पिशवीत काय आहे ते त्यांच्याइतकंच बोर्डालाही माहीत असतं.

व्हॉट्सअ‍ॅप बंद होणार नाही. ते बंद करायचा हट्ट धरलात तर बोर्ड हरेल. आमचा नियम एवढाच की ‘झालं’ हा शब्द एकटा पाठवायचा नाही, सोबत कार्डाची लिंक हवी. कार्ड उघडून ‘शेअर’मध्ये ती मिळते. पहिले काही आठवडे मी प्रत्येक एकट्या ‘झालं’ला “कुठलं?” असं उत्तर देत राहिले. लोक कंटाळले आणि लिंक द्यायला लागले.

रकान्याला मर्यादा

माझा धाकटा भाऊ चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. गौरीच्या जेवणाला आला होता. मी कौतुकाने बोर्ड दाखवला. त्याने रंगांकडे बघितलंच नाही. म्हणाला, “ताई, पहिल्या प्रुफात अठ्ठावीस कार्डं आहेत. वाचणारी माणसं किती तुझ्याकडे?”

“दोन. काका आणि मी.”

“रोज किती वाचता?”

“दोघं मिळून चार मजकूर. फार तर.”

“म्हणजे आज जुळणी झालेल्या कथेला सात दिवसांनी कुणीतरी हात लावणार. आणि तुझ्या जुळणीवाल्या ताई जुळणी करतच सुटल्यात. हा नुसता ढकलायचा कारभार आहे. आमच्याकडे असं केलं तर सुपरवायझर लाइन थांबवेल.”

हिशेब अगदी साधा: रांगेत किती, भागिले रोज किती निघतात, म्हणजे किती दिवस थांबायचं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला आणि त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात. आम्ही पहिल्या प्रुफाला आठची मर्यादा घातली. आठ कार्डं असतील तर नववं आत येणार नाही. एक बाहेर गेलं की एक आत. म्हणजे मुक्काम दोन दिवसांचा. ट्रेलोमध्ये यासाठी ‘लिस्ट लिमिट्स’ नावाचं पॉवर-अप, म्हणजे बोर्डाला जोडायची जादा सोय, आहे. मर्यादा ओलांडली की रकान्याचा रंग बदलतो. आम्ही तर सरळ रकान्याच्या नावातच आकडा लिहिला आहे: ‘पहिलं प्रूफ – ८’.

बोलायला सोपं वाटतं. दुसऱ्याच दिवशी रकाना भरला आणि जुळणीच्या ताई म्हणाल्या, “मग मी काय रिकामी बसू?” त्यांचा रास्त राग होता, वीस वर्षं त्यांचं कौतुक पानांच्या संख्येवर झालेलं. पुढचं दार बंद असेल तेव्हा काय करायचं ते आधी ठरवलेलं हवं, हे मला तेव्हा कळलं. आता प्रूफ भरलं की ताई दुरुस्तीच्या रकान्यातलं कार्ड घेतात किंवा हस्तलिखिताशी ताडायला बसतात. पहिलं वर्ष थोडी धुसफूस झाली. नवरात्रात एकही रात्र ऑफिसात काढावी लागली नाही, तेव्हा ती थांबली.

ट्रेलोवर दुसरं काही केलं नाहीत तरी चालेल, एका रकान्याला मर्यादा घालून बघा. जिथे कार्डांचा सगळ्यात मोठा ढीग असतो, तो रकाना निवडा.

रोजचं आणि आठवड्याचं

संध्याकाळी साडेपाचला, चहाबरोबर, दहा मिनिटं बोर्डावरून नजर फिरवायची. उजवीकडून डावीकडे. छपाईच्या जवळ जे आहे ते आधी बाहेर काढायचं, नवीन काय आलं ते शेवटी. डावीकडून सुरू केलं की सगळा वेळ नव्या कामांच्या उत्साहात जातो आणि तयार फर्मा एका जाहिरातीपायी अडून बसतो.

काही बारीक गोष्टी. कार्डाच्या नावाशेजारी एक वर्तुळ असतं. त्यावर टिचकी मारली की हिरवी खूण होते, पण कार्ड जागचं हलत नाही. नवे लोक खूण करून निघून जातात. आमच्याकडे खूण फक्त शेवटच्या रकान्यात. ‘अर्काइव्ह’ म्हणजे कार्ड नजरेआड ठेवणं, ते परत आणता येतं. ‘डिलीट’ म्हणजे कायमचं गेलं. त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका. माउस कार्डावर ठेवून कळफलकावरची ‘सी’ दाबली तर कार्ड अर्काइव्ह होतं, म्हणून एखादं कार्ड गायब वाटलं तर घाबरू नका, कुणाचा तरी हात लागला असेल. ‘क्यू’ दाबलं की फक्त आपली कार्डं दिसतात. शेवटचा रकाना दर शनिवारी रिकामा करायचा.

‘कार्ड एजिंग’ नावाचं एक गमतीचं पॉवर-अप आहे. ज्या कार्डाला बरेच दिवस कुणी हात लावलेला नाही ते फिकट होत जातं. चाच्यांच्या नकाशाचा प्रकार निवडला तर पिवळं पडून कडा फाटतात. न आलेल्या लेखांची कार्डं अशी जीर्ण झालेली बघून आमचे एक संपादक इतके हळवे झाले की त्यांनी तिथल्या तिथे तीन लेखकांना फोन लावले.

आपोआप चालणारे नियमही लावता येतात, फुकटच्या योजनेत महिन्याला २५० वेळा. आम्ही एकच लावला आहे: कार्ड ‘छापायला गेलं’मध्ये आलं की मुदत पूर्ण झाल्याची खूण. पहिल्या तीन महिन्यांत तोही नको. हाताने कार्ड ओढताना माणूस एक क्षण त्या कामाकडे बघतो, ते सुरुवातीला हवं असतं.

ट्रेलोच कशाला, असं कुणी विचारेल. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांच्या ऑफिसात बहुधा ‘जिरा’ नावाचं सॉफ्टवेअर असतं, तेही अ‍ॅटलासियनचंच. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर प्लॅनर आहे. आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं असेल तर वीकॅन आणि कॅनबोर्ड ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. रकाने ठरवायला जमलं की यातलं कुठलंही अर्ध्या दिवसात येतं.

दिवाळी झाली, अंक स्टॉलवर गेले की बोर्डाच्या मेनूतून ‘कॉपी बोर्ड’ करा. कार्डं ठेवायची का असं विचारलं जातं. ती खूण काढून टाका, म्हणजे रकाने तेवढे नव्या वर्षात येतात. जुना बोर्ड बंद करण्याआधी आम्ही चौघं मिळून एकदा बघतो की कुठल्या रकान्यात कार्डं सगळ्यात जास्त रेंगाळली, आणि नव्या बोर्डावर तेवढा एकच आकडा बदलतो. मग ‘कबूल’च्या रकान्यात पहिलं कार्ड मी स्वतः करते. ते दर वर्षी त्याच कवयित्री बाईंचं असतं, आणि फाइलच्या नावाखाली वर्णनात एकच ओळ: ‘कडवी मोजून घेणे.’